पोटातली धग

गेल्या रमजाननंतर पनवेलला डॉक्टरांकडे गेलो, ते थकवा वाटत होता म्हणून. त्यांनी वजन केलं, 66 किलो. मग खणातून टेप काढून पोट मोजलं, 97 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 आणि बायकांना 80 ही हद्द. उपाशीपोटीची साखरही वाढलेली निघाली.

आमच्या आपट्यात या पोटाला कधी कुणी नावं ठेवली नव्हती. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. अब्बांचंही तसंच होतं. ‘खात्यापित्या घरचा आहे,’ अम्मी म्हणायची. अब्बा 54व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेव्हा सगळे म्हणाले, एवढ्या बारीक माणसाला कसं झालं?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. अब्बांचं उत्तर मला तिथे सापडलं.

कातडीखालची चरबी बहुधा गुमान पडून असते. आतड्यांभोवतीची तशी नाही. तिच्या पेशी फुगतात, त्यांना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात. त्या साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्यांच्यातून टीएनएफ-अल्फासारखी रसायनं सुटत राहतात. जखम झाली की अशाच रसायनांनी सूज येते, काम झालं की ओसरते. इथे काम संपतच नाही. त्यातून आतड्यांकडचं रक्त आधी यकृतात जातं. तिथे इन्शुलिनचं कुणी ऐकेनासं होतं, साखर चढते, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. ताप नाही, दुखणं नाही. राखेखाली निखारा धुमसावा तसं. 1993 साली अमेरिकेत हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा दाखवलं. तोवर चरबी म्हणजे नुसती कोठी, असाच बहुतेकांचा समज होता.

चालण्याने ही आतली चरबी उतरते, काटा फारसा हलला नाही तरी. म्हणून फज्रनंतर स्टेशनपर्यंत जाऊन येतो. ‘दिलवाले दुल्हनिया’तली शेवटची गाडी सुटली ते हेच स्टेशन. पाहुण्यांना दाखवायला जायचो, तेही रिक्षाने!

दर जुम्म्याला बायको शिवणाच्या मशीनवरचा टेप घेऊन मला मोजते. परवा 94 भरलं. मग तिने तोच टेप स्वतःच्या कमरेला लावला. 86. काही बोलली नाही, टेप गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा ती चपला घालून उभी होती.