कोणाचे किती अडकलेत?

त्र्यंबकेश्वरला कालसर्प शांतीच्या पाटावर माझा मामेभाऊ बसला होता. पहाटे कुशावर्तावर स्नान, अंगावर कोरं धोतर आणि चेहरा असा, की समोर गुरुजी नाहीत, अप्रेझलवाला बॉस बसलाय! एरवी हा माणूस एका हाताने नमस्कार आणि दुसऱ्या हाताने मेसेज करणारा. पण मामीपुढे कोणाचं चाललंय?

प्रकरण तसं छोटं. सोसायटीत पार्किंगवरून राडा झाला, एफआयआरमध्ये चार नावं पडली, त्यात ह्याचं. कोर्टात अजून काहीच ठरलेलं नाही. ऑफिसने मात्र पंधरा दिवसांत ठरवलं. आधी ‘थोडे दिवस घरी थांब’, मग ‘क्लायंटला चालणार नाही’, मग गोड शब्दांत राजीनामा. सहा वर्षांची नोकरी!

आदल्या रात्री लॉजच्या गच्चीत तो मला म्हणाला, ‘‘तू पत्रकार ना? मग सांग, संजय दत्तला कसं परत घेतलं सगळ्यांनी?’’

मला एकदम १६ मे २०१३ आठवला. मी शाळेत होते, सुट्टी चालू होती, टीव्हीवर दिवसभर दोनच बातम्या. एक, संजय दत्त मुंबईच्या टाडा कोर्टात शरण आला. दुसरी, राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू स्पॉट फिक्सिंगच्या आरोपात पकडले गेले. श्रीशांत, अजित चंडिला आणि आपला मुंबईचा अंकीत चव्हाण. आदल्याच रात्री तो वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळला होता. वय २७, आणि लग्न पंधरा दिवसांवर! त्या लग्नासाठी कोर्टाने त्याला काही दिवसांचा जामीन दिला होता.

आता गंमत बघा. संजय दत्त टाडातून सुटला, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरला, सुप्रीम कोर्टापर्यंत. शिक्षा पाच वर्षं. तरी शरण येण्याआधी त्याला चार आठवडे जादा मिळाले. कारण? अर्धवट पिक्चर आणि त्यात अडकलेले निर्मात्यांचे कोट्यवधी रुपये. तो येरवड्याला गेल्यावरही पिक्चर येतच राहिले. ‘पोलीसगिरी’ २०१३ ला, ‘पीके’ २०१४ ला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो सुटला आणि २०१८ ला ‘संजू’ आला, सुपरहिट. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळालं यात वाईट काहीच नाही. तसंच व्हायला हवं. पण मग ते सगळ्यांना का नाही?

अंकीतला रॉयल्सने लगेच निलंबित केलं. सप्टेंबर २०१३ मध्ये बीसीसीआयने आजन्म बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही आरोपमुक्त केलं, तरी बंदी तशीच. बोर्डाचं म्हणणं, कोर्टाची केस वेगळी, आमची शिस्त वेगळी. (ह्यात तथ्य आहे. कंपनीला स्वतःची चौकशी करायचा हक्क असतोच. पण ती करायला तर हवी!) बंदी सात वर्षांवर आली आणि २०२१ मध्ये तो मोकळा झाला, तेव्हा पस्तिशीचा होता. स्पिनरसाठीसुद्धा पस्तिशी म्हणजे जवळपास रिटायरमेंट.

आणि त्याची ‘कंपनी’? त्याच जुलै २०१५ मध्ये लोढा समितीने रॉयल्सलाही दोन वर्षं बाहेर काढलं. कारण सहमालक राज कुंद्राची बेटिंग. टीम २०१८ मध्ये परत आली. टीम परत येते हो, स्पिनर नवा मिळतो.

सुभाष घईंचंच उदाहरण घ्या. एप्रिल १९९३ मध्ये संजय दत्तला पहिल्यांदा अटक झाली तेव्हा ‘खलनायक’ जवळजवळ तयार होता. तो त्याच वर्षी लागला आणि तुफान चालला. ‘त्रिमूर्ती’ मात्र तयार व्हायचा होता, तिथे त्याच्या जागी अनिल कपूर आला. हीरो तोच, केस तीच, निर्माताही तोच. फरक फक्त किती रीळ भरली होती याचा.

मी हे सगळं सांगितल्यावर भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘म्हणजे माझ्यावर कोणाचे काहीच अडकले नव्हते?’’

‘‘हँडओव्हरला किती दिवस लागले?’’

‘‘दोन.’’

यावर काय बोलणार!

दुसऱ्या दिवशी पूजेनंतर पावती फाडायला गेलो. वहीत नाव, गाव, गोत्र आणि शेवटी एक रकाना, ‘व्यवसाय’. तो पेन धरून जरा थांबला. मामी मागून म्हणाली, ‘‘अरे, लिही ना.’’ त्याने ‘नोकरी’ लिहिलं, आणि आम्ही चहाची टपरी शोधायला निघालो.