टायटॅनियमला घाई चालत नाही

मुंढवा असो की चाकण, पुण्यात घडाईचा धंदा रुजला तो गाड्यांच्या क्रँकशाफ्टवर. माझाही हात पोलादावरच बसला. पोलाद थोड्याफार चुका पोटात घालतं, टायटॅनियम घालत नाही. विमानाच्या इंजिनात नेहमी लागणारा त्याचा मिश्रधातू साधारण 995 अंश सेल्सियसला आतून पालटतो, म्हणजे त्याच्या कणांची रचना बदलते. घडवायचा तो त्याच्या जरा खालीच. भट्टीतून डायवर, म्हणजे साच्यावर, येईपर्यंत त्याचं अंग निवतं आणि चिरा पडतात. म्हणून प्रेस जोरात चालवावा, तर घडाईचीच उष्णता आत कोंडते, गाभा ती सीमा ओलांडतो आणि कण जाड होतात. बाहेरून तुकडा देखणाच दिसतो. छेद घेऊन, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की खरं कळतं. दोन्ही टाळायचं तर डायही धातूइतकीच तापवायची आणि प्रेस अगदी सावकाश उतरवायचा. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण-धातू प्रयोगशाळेने 2021 मध्ये जग्वार लढाऊ विमानाच्या इंजिनाच्या कंप्रेसर-चकत्या 2,000 टनी प्रेसवर अशाच घडवल्या. ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता.

कण एवढे जपायचे कशाला? इंजिनाच्या तोंडावरची टायटॅनियमची फिरती पाती रडारच्या लहरी जोरात परतवतात. म्हणून भारताच्या नियोजित ॲम्कासारख्या, रडारपासून लपणाऱ्या स्टेल्थ लढाऊ विमानात हवेची वाट नागमोडी करून पाती दडवतात. वळणावर हवा भिंतीपासून सुटते आणि इंजिनापाशी पोचते तेव्हा दाब सगळीकडे सारखा नसतो. दर फेरीला प्रत्येक पातं त्या कमी दाबाच्या पट्ट्यातून जातं आणि हादरतं, मिनिटाला हजारो वेळा. कण जाड असले की अशा हादऱ्यांनी चीर लवकर सुरू होते. बंगळुरूत आराखड्यावर काढलेलं एक वळण असं थेट घडाईवाल्याच्या पायरोमीटरपर्यंत, म्हणजे तापमापकापर्यंत, येतं.

इंजिनाच्या मागच्या भागात टर्बाइनपाशी वायू 1,600 अंशांच्या पुढे आणि पात्याचा निकेल मिश्रधातू वितळतो 1,350 च्या आसपास. शिवाय ही सगळी आग शत्रूच्या नजरेपासून लपवायची. पण ती पाती घडवत नाहीत, ओततात; ते ओतकामवाल्यांचं क्षेत्र, त्यावर मी अधिकाराने बोलणार नाही.

कावेरी हे देशी इंजिन 2008 मध्ये तेजस लढाऊ विमानापासून वेगळं केलं, तेव्हा आपल्याला जमलं नाही असं पुष्कळांनी म्हटलं. मला ते पुरेसं वाटत नाही; चाचणी कुठे होते हेही पाहायला हवं. 2010 मध्ये ते आकाशात तपासायला रशियात नेऊन आयएल-76 विमानाच्या पंखाखाली बसवावं लागलं. चाचणीत पातं तुटलं, तर तो तुकडा लगेच घडवणाऱ्याच्या टेबलावर यायला हवा. चीर कुठून सुरू झाली ते तुटक्या कडेवर दिसतं आणि पुढची भट्टी त्यावरून लावता येते. ॲम्काच्या पुढच्या इंजिनासाठी परदेशी कंपनीशी करार होईल, तेव्हा त्यात मी आधी हेच शोधेन, की तुटलेलं पातं आमच्या हातात मिळणार आहे का.