हत्तीवरचं जनावर

गावात शिरताना माणसांआधी झेंडा दिसला की माझं डोकं फिरतं. चौकात लोखंडी खांब, खांबाभोवती टाईल्सचा ओटा, ओट्यावर देणगीदाराचं नाव झेंड्यापेक्षा ठळक. यवतमाळहून वणीकडे जाताना असे खांब संपतच नाहीत. निळे, भगवे, हिरवे, तांड्यांवरचे पांढरे. करंजीला तर्री-पोहे खाल्ले. तर्रीत तिखट कमी आणि तेल फार, हा वऱ्हाडात माफ न होण्यासारखा गुन्हा. मारेगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी भांडायला कुणीतरी शोधतच होतो.

करंजी मागे पडल्यावर एका गावाच्या तोंडाशी सात रंगांचा झेंडा दिसला. गोंडवानाचा. शेजारी सिमेंटची नवी कमान, तिला बांबूची परांची, आणि परांचीवर पेंटर. खाली पंधरा-वीस माणसं माना वर करून भांडत होती. मी गाडी बाजूला घेतली.

कमानीच्या मधोमध हत्ती रंगवून झाला होता, गुडघ्यात वाकलेला. त्याच्या पाठीवर पंजे रोवलेलं एक पिवळं जनावर अर्धवट होतं. गोंड राजांचं हे राजचिन्ह. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाज्यांवर ते दगडात कोरलेलं आहे आणि आता मोटारसायकलींच्या मडगार्डवरही असतं. भांडण त्या पिवळ्या जनावराला आयाळ काढायची की पट्टे, यावर होतं.

“सिंह इथं कोनं पायला?” टी-शर्टमधला एक पोरगा म्हणत होता. “वाघ त सगळ्यायनं पायला. आमच्या वावरात पायला.”

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. टिपेश्वरचं अभयारण्य जवळ आहे. अवनी नावाची वाघीण याच पट्ट्यातली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगावकडच्या बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. या भागातल्या माणसाला सिंह म्हणजे टीव्हीवरचं जनावर. वाघासाठी तो कापसाच्या वावरात डबा वाजवत फिरलेला असतो.

पेंटर मधेच ब्रश हातात धरून बसला होता. त्याला प्राणिशास्त्रात रस नव्हता. “लवकर ठरवा जी, रंग सुकते,” एवढंच तो म्हणे.

ओट्यावर एक म्हातारे बसले होते. सगळे त्यांना आबाजी म्हणत. मी रामराम केला, त्यांनी ‘जय सेवा’ म्हणून जागा करून दिली. बराच वेळ ते तंबाखू मळत राहिले आणि मग पोरांना म्हणाले, “वाघ चितारू नका.”

“काहून आबाजी?”

“वाघ म्हंजे देव. वाघोबा शिवेवर बसते. त्याले शेंदूर लावाचा, नारळ फोडाचा. त्याले कमानीवर चढवून मानसायनं खालून ट्रॅक्टर न्याचे? मान उतरवता का त्याचा?”

पोरगा क्षणभर गप्प झाला. मग त्याने दुसरं टोक पकडलं. हत्ती म्हणजे मोगल, त्याच्यावर आपला राजा, म्हणून राजाचं जनावर आपल्याच रानातलं हवं. आबाजींना हेही पटलं नाही. त्यांच्या मते हत्ती शत्रू नव्हताच. “शत्रू असता त मेलेला दाखवला असता. हा त बसला हाय. राजाले खांद्यावर घेनारा हाय तो.” मी वर पाहिलं. पेंटरने हत्तीचा डोळा खरोखरच समाधानी काढला होता. चिन्हांचे अर्थ सांगणारे जाडजूड ग्रंथ मी चाळलेत, पण चित्राकडे इतकं नीट बघून काढलेला निष्कर्ष त्यांत क्वचितच सापडतो.

झेंड्याच्या रंगांचं मी विचारलं. चार देवांची, पाच देवांची, सहा, सात देवांची कुळं कोणती, कुणाची सोयरीक कुणाशी जुळते आणि कुणाशी नाही, हे आबाजींनी बोटांवर मोजून सांगितलं, आणि त्या नादात रंग राहूनच गेले. मी पुन्हा विचारलं नाही. जमलेल्या माणसांपैकी कोण कितव्या देवांचा, हे मात्र मला कळलं. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, “तुमचे देव किती?” कुलदैवत एक आणि तेही वर्षानुवर्षं न पाहिलेलं, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि चहा मागवला.

ज्यासाठी निघालो होतो ते वणीतलं व्याख्यान झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रात्री एका निवृत्त वकिलांकडे जेवायला होतो आणि गप्पा पुन्हा झेंड्यावर आल्या. वणी हे लोकनायक बापूजी अण्यांचं गाव. १९३० च्या जुलैमध्ये पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि अटक करून घेतली. त्यानंतर सहा वर्षांनी, १९३६ च्या कराराने, वऱ्हाडात समारंभाच्या वेळी ब्रिटिश झेंड्याशेजारी निजामाचाही झेंडा फडकू लागला. प्रांत १८५३ पासून इंग्रजांच्या हातात, पण मालकी निजामाची, ही कागदावरची गोम त्या दुसऱ्या झेंड्याने सांभाळली. युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही त्यातूनच मिळाली. तो झेंडा पिवळा, मधे गोल. तो गोल म्हणजे कुलचा, पाव! पहिल्या निजामाला एका अवलियाने पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे खायला दिले, त्याने सात खाल्ले, आणि अवलियाने सात पिढ्या राज्य करशील असं सांगितलं, अशी ती आख्यायिका. निजाम सातच झाले. युरोपातल्या राजचिन्हांवर सिंह, गरुड, भाले यांची एवढी गर्दी असते की तिथे पोटभर जेवलेला एखादा राजा मला हवाहवासा वाटतो. भूक किती, यावर राज्याची मुदत ठरणं हे निदान प्रामाणिक आहे. वकीलसाहेब म्हणाले, आठवा खाल्ला असता तर आपण अजून अर्ज उर्दूत लिहिले असते. मग त्यांनी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

परत फिरायच्या ऐवजी वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरला गेलो, फक्त जटपुरा गेट पाहायला. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं राज्य घेतलं, दरवाज्यावरचं चिन्ह तिथेच राहिलं. हॉर्नच्या गदारोळात मान वर करून उभा राहिलो. एक रिक्षावाला दोनदा शिवी देऊन गेला. दगडातलं ते जनावर मला गीरचंही वाटेना आणि ताडोबाचंही. जुन्या शिल्पकारांनी असे प्राणी रानात जाऊन कोरले नाहीत. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरचा तर पायांत आणि शेपटीत हत्ती पकडून उभा आहे. असा प्राणी कुठल्या अभयारण्यात नोंदवायचा? हत्तीचा डोळा मात्र मी मुद्दाम शोधला. उन्हापावसाने तो झिजलाय. आबाजींच्या बाजूने साक्ष द्यायला तिथे कुणी उरलेलं नाही.

फोटो काढून पेंटरला पाठवला. त्याचा फोनच आला. आयाळ काढून झाली होती, शेपटीला पोरांच्या समाधानासाठी तीन पट्टेही दिले होते. आता भांडण पैशांचं होतं. त्याचा भाव जनावरामागे आणि इथे जनावरं दोन. कमिटीचं म्हणणं, निशाण एक म्हणून पैसे एकाचे.

“तुमीच सांगा त्यायले,” तो म्हणाला, “हत्तीले रंग फुकट लागते का?”