पत्र्याची कड

डब्याविना राहिलेले बोर्ड मी फार पाहिलेत. हौसेने जुळवलेला ॲम्प्लिफायर, पॉवर सप्लाय, एखादा रेडिओ. सर्किट चाललं, आवाज आला, घरातल्या सगळ्यांना ऐकवून झाला, आणि डबा पुढच्या रविवारी करू म्हणून जो बोर्ड बाजूला ठेवला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलाच राहिला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. डबा नसलेलं यंत्र करणाऱ्यापुरतंच उरतं. घरातलं दुसरं कुणी त्याला हात लावत नाही, आणि लावू नये हेही खरंच. तारा जोडणारी बोटं पत्रा समोर आला की थबकतात. कॅपॅसिटर चुकला तर काढून दुसरा लावता येतो, पत्र्यातलं भोक चुकलं तर भरून येत नाही, ही ती भीती.

हॅम रेडिओवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी रचलेला ‘बिटेक्स ४०’ हा हॅम रेडिओचा संच २०१६च्या अखेरीस आला, पुढे ‘मायक्रो बिटेक्स’ही आला. बोर्ड तयार, तपासलेला. डबा मात्र ज्याचा त्याने करायचा. समोरच्या पट्टीवर काय काय लागतं पाहा. ट्यूनिंगच्या एन्कोडरला आणि व्हॉल्यूमच्या पॉटला साधारण ७ मिलिमीटरची गोल भोकं, माइक आणि हेडफोनच्या जॅकना ६ची, मागच्या बाजूला अँटेनाच्या बीएनसीला साडेनऊचं. आणि मधोमध डिस्प्लेसाठी चौकोनी खिडकी. गोल भोकांना बिट असतं. चौकोनाला हातच लागतो.

अ‍ॅल्युमिनियम मी निवडतो ते केवळ हलकं म्हणून नाही. ते उष्णता झटकन वाहून नेतं, रेडिओच्या लहरी बाहेरच अडवतं आणि घरच्या हत्यारांनी कापलं जातं. सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात, हत्यारं नागदेवी स्ट्रीटला. पत्र्यासाठी मात्र मी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे जावं म्हणेन. त्यांच्याकडे ६०६३ या मिश्रधातूच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे असतात आणि ते स्वच्छ कापले जातात. अगदी शुद्ध, मऊ अ‍ॅल्युमिनियम कापायला उलट त्रासाचं. ते तुटत नाही, लिबलिबतं, आणि दाबाखाली बिटाच्या धारेलाच चिकटून बसतं. मग कापतो तो धारेवरचा गोळा, धार नव्हे, आणि भोकाची कड फाटते. यावर जुना उपाय रॉकेलचा. आता शहरात रॉकेल मिळणं कठीण, पण स्पिरिटही चालतं. दोन्ही पेट घेणारी, म्हणून थेंबभरच घ्यावं आणि खिडकी उघडी ठेवावी. थेंब पडला की फरक कानाला कळतो: करकर थांबते आणि बिटाच्या दोन्ही बाजूंनी लांब, चकचकीत गुंडाळ्या वर येऊ लागतात.

पातळ पत्र्यात गोल भोक तिकोनी का होतं, हे कुणी समजावून सांगत नाही. ड्रिलचं टोक म्हणजे ११८ अंशांचा शंकू. १० मिलिमीटरच्या बिटाचा हा शंकू जवळजवळ ३ मिलिमीटर उंच भरतो. पत्रा २ मिलिमीटरचा. म्हणजे बिटाची पूर्ण रुंदी पत्र्याला टेकायच्या आधीच टोक पलीकडे गेलेलं असतं आणि बिटाला मधोमध धरून ठेवणारं काही उरत नाही. ते डुलतं, भोकाला तीन कोपरे येतात, आणि पुढच्याच क्षणी पत्रा बिटावर चढून गरकन फिरतो. हाताला इजा होते ती इथे. म्हणून पत्र्याखाली लाकूड, वर पट्टी, आणि दोन्ही क्लॅम्पने आवळलेलं. आधी सेंटर पंचाची एक ठळक टिचकी, मग ३ मिलिमीटरचं भोक, आणि ६च्या पुढे स्टेप ड्रिल. व्हॉल्व्हच्या जमान्यात ऑक्टल सॉकेटला नऊ सुतांचं भोक लागायचं. त्यासाठी चॅसी पंच होता. पत्र्याच्या एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला साचा, मधून बोल्ट. पान्याने बोल्ट आवळत गेलं की कट्‌ असा आवाज होऊन पत्र्याची गोल चकती खाली पडते. इतकं नितळ भोक दुसऱ्या कशाने पडत नाही. जुन्या बाजारात असा पंच दिसला तर सोडू नये.

आता खिडकी. १६ बाय २ अक्षरांचा डिस्प्ले घेतला तर बोर्ड ८० बाय ३६ मिलिमीटरचा आणि स्क्रूची भोकं ७५ बाय ३१वर. पण खिडकीतून दिसायची आहे ती काचेभोवतीची धातूची चौकट, आणि ती कंपनीगणिक थोडी बदलते. म्हणून कागदावरचं माप घेऊ नये, हातातल्या नगाला व्हर्नियर लावावा. पत्र्यावर मास्किंग टेप चिकटवावी, तिच्यावर गुण्या धरून टोकदार पेन्सिलने चौकोन आखावा. मग रेघेच्या आत २ मिलिमीटरवर ३ मिलिमीटरच्या भोकांची रांग. भोकाची कड रेघेपासून अर्धा मिलिमीटर आत राहते. भोकांमधले बारीक पूल तोडायला मला सोनारांची जाळीकामाची करवत आवडते. तिच्या पात्याचे दात मुठीकडे वळलेले असतात, ती ओढताना कापते, आणि पात्याला मेण लावलं की अ‍ॅल्युमिनियममधूनही अडकत नाही.

मधला तुकडा निघाला की पत्र्यात कुरतडल्यासारखं एक छिद्र दिसतं. नवखा माणूस इथेच खचतो. खरं काम इथून सुरू होतं, कारण आता उरलाय तो फक्त अर्धा मिलिमीटर, आणि त्यात घाई करण्यासारखं काही नाही. शेगड्यात पत्रा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये असा धरायचा की रेघ पट्टीच्या जरा वर राहील. कानशीला खडू फासायचा, म्हणजे कीस दातांत भरत नाही. भरला तर तोच कीस कडेवर ओरखडे काढतो. आधी भोकांमधले उंचवटे जातात आणि कानशीचा आवाज बदलतो. अडखळत येणारा खरखराट सलग होतो. मग कड सरळ दिसू लागते, पण ‘दिसू लागते’ यावर भागवायचं नाही. गुण्याची पट्टी कडेला टेकवून पलीकडे दिवा धरायचा. जिथून उजेड येतो तिथे कानस न्यायची नाही. जिथून येत नाही तिथे न्यायची. कोपऱ्यासाठी एक कड गुळगुळीत असलेली कानस लागते, म्हणजे एक बाजू घासताना शेजारची बाजू खाल्ली जात नाही. शेवटी चौकट आत सरकवून पाहायची. ती एका कोपऱ्यावर अडते. तिथली टेप चकाकलेली दिसते, तेवढाच भाग दोन हात घासायचा, पुन्हा पाहायचं. आणि एका वेळी ती आपसूक आत बसते, चारही बाजूंनी केसाएवढी सारखी फट ठेवून. त्या क्षणाचा आनंद पहिला आवाज ऐकल्याच्या आनंदाहून कमी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सर्किट दुसऱ्याच्या नकाशावरून जुळतं. ही कड आपल्या मनगटाची असते.

हे सगळं लेझरवाल्याकडे देता येतं आणि तो मिनिटांत कापून देतो. दहा डबे करायचे असतील तर त्याच्याकडेच द्यावेत. एकच करायचा असेल तर स्वतः करावा, कारण हातात पत्रा असताना बुद्धीला सुचत जातं: नॉब जरा उजवीकडे हवा, बोटं डिस्प्लेवर सावली पाडतील, जॅक खाली घेतला तर वायर लोंबणार नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. समोरून कड कितीही सुरेख झाली तरी पट्टी उलटी करा. ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथे पातळ, पात्यासारखी बर उभी राहते. मोठं बिट हातात धरून प्रत्येक भोकावर दोन वेढे फिरवा, खिडकीच्या मागच्या कडांवरून बारीक कानस तिरकी न्या, आणि सुती फडकं फिरवून पाहा. कुठे धागा अडकला तर पुन्हा घासा. मेन्सची वायर जिथून आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच, आणि अर्थची तार पत्र्याला रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून स्क्रूने आवळलेली हवी. अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, आणि त्या वायरीतून २३० व्होल्ट येणार आहेत.