ओपांचे टोळ

लाइपझिगला आमच्या इमारतीत तळमजल्यावर ओपा राहायचे. जर्मनीत आजोबांना ओपा म्हणतात. माझी लेक हाक मारायची म्हणून आम्हीही तीच मारू लागलो. ते निवृत्त शिक्षक. लेकीनं हट्टानं घोयरा सरडा पाळला, येमेनच्या जातीची मादी, अर्थात तिकडून पकडून आणलेली नव्हे, इथेच अंड्यातून निघालेली. भारतात घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरात ठेवता येत नाही. इथे चालतं, पण निभावणं सोपं नाही. ते निभावलं ओपांमुळे.

दुकानात रातकिड्यांचे डबे मिळतात, पण कडाक्याच्या थंडीत घरी आणेपर्यंत निम्मे मरतात. अशाच एका संध्याकाळी ओपा टोळांनी भरलेला डबा घेऊन दारात उभे. पैसे विचारले तर मान हलवली. एवढंच म्हणाले, ‘‘आधी यांना जेवू घाला.’’

त्यांची सगळी विद्या त्या वाक्यात होती. किड्यांच्या अंगात कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस जास्त. त्यातून किडा उपाशी असला तर सरड्याचं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. म्हणून एक-दोन दिवस गव्हांकुर, गाजर, कोंडा घालायचा आणि मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून किडे द्यायचे. वर अतिनील दिवा हवाच, नाहीतर हाडं मऊ पडतात.

पुढे त्यांनी मला टोळ वाढवायला शिकवलं. जाळीची पेटी, आत बल्ब, ऊब ३० ते ३५ अंश, चढायला उभ्या काड्या आणि कोपऱ्यात ओल्या वाळूचा खोल पेला. मादी त्या वाळूवर बसते, पोटाचं टोक आत खुपसते आणि पोट ताणत ताणत खाली नेते, जवळजवळ दुप्पट लांब होतं ते. तळाशी अंड्यांचा पुंजका घालून वर येताना फेसानं बीळ बुजवते. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं तरी हलले नाही. साधारण दोन आठवड्यांनी वाळूतून पिल्लं वळवळत वर येतात. पंख फुटेपर्यंत पाच वेळा कात टाकतात, तीही काडीला उलटं लटकून. काड्या नसतील तर पंख वाकडे होतात. ओपा रोज पेटी झाडायचे, ओलसर कोंडा काढून टाकायचे. जे किडे उद्या खाऊ म्हणून जाणार, त्यांचे हाल होऊ द्यायचे नाहीत.

एकदा आमच्या घोयऱ्याच्या मादीनं खाणं सोडलं. फांदीवरून उतरून जमिनीवर येरझारा घालायची, कोपरे उकरायची. ओपांनी पाहताक्षणी ओळखलं, पोटात अंडी आहेत. नर जवळ नसला तरी या जातीच्या माद्या अंडी धरतात, आणि खणायला जागा मिळाली नाही तर ती आतच राहून जीव जातो. त्यांनी टोळांसाठी ठेवलेली वाळू बादलीभर ओतली, बीळ ढासळू नये इतपत ओली केली, वीतभराहून खोल. पिंजऱ्यावर चादर टाकली आणि आम्हाला खोलीबाहेर काढलं. कुणी बघतंय असं वाटलं तर मादी खणणं अर्धवट सोडते. दुसऱ्या दिवशी ती दमलेली, पोट सपाट, बीळ नीट बुजवलेलं. लेक ओपांच्या गळ्यात पडून रडली. मीही.

२०२० च्या मे महिन्यात विदर्भात वरूड-मोर्शीकडे टोळधाड आली. बाबा फोनवर सांगत होते, संत्र्याच्या बागेत सगळे ताटं-डबे बडवताहेत. माझ्या पेटीतली जातही तीच, वाळवंटी टोळ. बाबांची काळजी ओपांना सांगितली, तेव्हा त्यांनी मला कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह समजावला. एकटा वाढलेला टोळ हिरवट आणि शांत, गर्दीत वाढला की त्याचंच रूप आणि वागणं पालटतं, हे त्यानं १९२१ मध्ये दाखवलं. गर्दीत मागच्या पायाला सारखा धक्का लागत राहिला तरी हा पालट सुरू होतो, हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. बोलून झाल्यावर ओपांनी विचारलं, ‘‘झाडं वाचली का तुमच्या वडिलांची?’’ नंतरही ते रोज विचारत राहिले.

आता ओपा वृद्धाश्रमात आहेत. जाताना पेटी आणि बल्ब माझ्याकडे दिले. रविवारी मी फोन करते. ते आधी टोळांची चौकशी करतात, मग मादीची, मग लेकीची, आणि मी त्याच क्रमानं सांगत जाते.