खूण कुणाची?

संशोधन करणाऱ्यांना बोधचिन्ह कशाला हवं, असं मला अनेकांनी विचारलंय. साबण विकायचा असेल तर ठीक, पण विज्ञानाला कसली जाहिरात? मला वाटतं, खूण फक्त विकण्यासाठी नसते. उस्मानी सुलतानांचा तुगरा फर्मानावर दिसला की हा शब्द कुणाचा आणि जबाबदारी कुणाची, हे न वाचताही कळायचं. संशोधकांचं चिन्हही तेच सांगतं : हे काम आम्ही केलंय, शंका असेल तर आम्हाला विचारा.

मी खडवलीत राहते. उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन्ही माध्यमांच्या सहा मुलांनी मिळून भातसा नदीचं पाणी तपासायचं ठरवलं, तेव्हा चिन्हाचं काम भाषेची बाई म्हणून माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी वह्यांमध्ये अणू, परीक्षानळी, पृथ्वीचा गोल आणि डीएनएचा पीळ असं सगळं उमटलं. मी विचारलं, "यातलं तुमच्या कामात काय आहे?" कुणी बोलेना. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे इलेक्ट्रॉन फिरतात, ही कल्पना विज्ञानाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी मागे टाकली; चिन्हांमधून मात्र ती हलत नाही. आपल्या पेशींमधल्या डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा असतो, पण कित्येक चित्रांत तो डावा काढलेला दिसतो. दिशा उलटली की वाचन बिघडतं, हे आमच्या मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मग आपल्याच राज्यातलं उदाहरण घेतलं. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. काही मधोमध, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. कामाचा आकार हीच तिथली ओळख. फळ्यावर तीन रेघा ओढल्या की दुर्बीण समजते. चिन्ह असं कामातून निघायला हवं, बाहेरून चिकटवलेलं नको.

दुसरं उदाहरण १९६९ च्या अपोलो ११ चं. मोहिमेच्या बिल्ल्यावर तिन्ही अंतराळवीरांनी आपली नावं टाकली नाहीत. चंद्रापर्यंत नेण्यात हजारो हात लागले होते, हे त्यांना त्यातून दाखवायचं होतं. बिल्ल्यावरचा गरुड चंद्रावर उतरतो. त्याचे मोकळे पंजे आक्रमक वाटतात असा आक्षेप आला, तेव्हा चोचीतली ऑलिव्हची फांदी पंजात दिली. एका फांदीची जागा बदलली आणि शिकारी पक्षी शांततेचा निरोप घेऊन आला.

आमचा पेच याच ठिकाणी होता. एका हितचिंतकांनी सुचवलं, "उर्दू अक्षरं नकोत. उगाच प्रश्न कशाला?" सल्ला मायेनेच दिला होता, म्हणून जास्त लागला. मुलांना मी एवढंच म्हटलं की नाव गाळण्याची दोन कारणं असतात. श्रेय सगळ्यांचं आहे म्हणून गाळणं हा मोठेपणा. कुणाला खटकेल म्हणून गाळणं, ही भीती. तुमचं कारण कोणतं, ते तुम्ही ठरवा.

एक मुलगी म्हणाली, "बाई, नदीला उर्दूत पण नदीच म्हणतात ना?"

तिथेच काम झालं. डावीकडून देवनागरीतली 'नदी' निघाली, उजवीकडून उर्दूतली. दोन्ही मध्यभागी भेटल्या. उर्दूतल्या शेवटच्या 'ये'चा वळसा गावाजवळच्या नदीच्या वळणासारखा दिसला. 'नून'वरचा नुक्ता पाण्याचा थेंब झाला. रंग एकच, कारण अहवाल झेरॉक्सवर निघणार होता. नखाएवढं लहान करून पाहिलं तेव्हा थेंब दिसेना, म्हणून तो मोठा केला. चिन्ह लहान आणि काळं-पांढरं करून पाहणं ही चांगली कसोटी. त्यात टिकलं तर कुठेही टिकतं.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. प्रश्नही फारसे आले नाहीत, दोन पाहुण्यांनी थेंबाला बोट लावून "हा काय?" एवढंच विचारलं, आणि आमच्या मराठी माध्यमाच्या मुलाने त्यांना नुक्ता समजावला.

पण मला आठवतं ते त्याआधीचं. अहवाल उतरवताना एका आठवड्याचा पीएच नोंदवायचा राहिल्याचं लक्षात आलं. आधी सात, नंतर सात. मधे सात लिहून टाकू, असं एकाने सुचवलं. कुणाला कळलंही नसतं. त्या मुलीने पानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "वर आपली खूण आहे."

त्या रकान्यात त्यांनी लिहिलं : नोंद नाही.