पावलं मोजली, पाय बघायचे राहिले

आमच्या लहानपणी 'चालायला जाणं' असा वेगळा कार्यक्रम नसे. शाळा, बाजार, देऊळ, मावशीचं गाव, सगळीकडे पायीच जायचं. रत्नागिरीकडचा कातळ उन्हाळ्यात पाय भाजून काढी आणि पावसात शेवाळानं इतका निसरडा होई, की अंगठे रोवल्याशिवाय उतरता येत नसे. चवडा, टाच, बोटं सगळी कामाला लागत. पोक काढून चाललं की मागून हाक येई, "ताठ चाल, पाय फरफटवू नको!"

दारात पाण्याची डोण असे. पाय धुतल्याशिवाय पडवीत यायची कुणाची टाप नव्हती. संध्याकाळी आजी वज्रीनं टाचा घासून द्यायची आणि तळवा दिव्याजवळ धरून न्याहाळायची. काटा असला तर सुईनं काढून वर बिब्ब्याचा चटका. चिखल्या झाल्या की मेंदीचा लेप, भेगांवर कोकमाचं मुठेल गरम करून. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवली, की मन लावून अभ्यास करणाऱ्यालाही झोप येई.

त्या अनवाणी दिवसांत सगळंच छान नव्हतं. काचा, काटे, जंत, पिकलेल्या जखमा, धनुर्वाताची भीती हे सगळं होतंच. पण पायाला काम मिळत होतं. १९९२ साली राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी आपल्या देशातल्या २३०० मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायात बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आढळले, अनवाणी मुलांत २.८ टक्के.

आता बागेत चालायला सुरेख पट्टा आहे, पायात मऊ बूट आहेत आणि मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं. साठी उलटलेल्या बायका रोज पहाटे मैत्रिणींबरोबर फेऱ्या मारतात, हे आमच्या आईच्या वाट्याला कुठलं यायला! पण दहा हजारांचा जो आकडा आपण धरून बसलोय, तो १९६५च्या सुमारास जपानात विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. आकडा पुरा होतो, माना मोबाइलमध्ये खाली असतात, आणि मोज्यातल्या पायाकडे दिवसेंदिवस कुणी बघत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीला मधुमेह आहे. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला जागोजागी टेकवला. टाचेपाशी तिला कळलं, अंगठ्याखाली काहीच कळलं नाही. अशा पायाला खडा टोचला तरी दुखत नाही. जखम चिघळते आणि कधी बोट गमवावं लागतं. तिला मिळालेला सल्ला असा: रोज पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, टाचेला तेल लावा पण बेचक्यांत नको, तळवा आरशात बघा, घरातही अनवाणी फिरू नका.

आजीचा बिब्बा आणि अनवाणी चालणं तिच्यासाठी आता वर्ज्य. मात्र रोज धुणं आणि न्याहाळणं, आजीचा निम्मा धडा जसाच्या तसा दवाखान्यातून परत आला. तो घरोघरी चालू व्हायला हवा. म्हातारपणी कंबर वाकत नाही, नजर तळव्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आईवडिलांचे पाय घरातल्या तरुणांनी रोज रात्री उजेडात धरून बघावेत. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.